कूबर पीडीला बस्तान हलवताना: आउटबॅकमधील गावात राहायला जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका

ऑस्ट्रेलियात नोकरी लागल्याचे पेढे वाटून झाल्यावर नियुक्तिपत्रातील गाव नकाशावर शोधायला बसावे आणि त्या ठिपक्याच्या आसपास दोन-दोनशे किलोमीटर दुसरे गाव म्हणावे असे काही सापडू नये, हा अनुभव परिचारिका, डॉक्टर, शिक्षक, मेकॅनिक किंवा आचारी म्हणून तिकडे जाणाऱ्या कोणालाही येऊ शकतो. देशाच्या अंतर्भागातील या कोरड्या आणि विरळ वस्तीच्या प्रदेशाला तेथे आउटबॅक म्हणतात. त्यातील प्रत्येक गावाची तऱ्हा निराळी असल्यामुळे मोघम सूचना देण्यापेक्षा एकच गाव समोर ठेवलेले बरे, म्हणून या लेखासाठी दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यातील कूबर पीडी निवडले आहे.

कूबर पीडी ॲडलेडच्या उत्तरेला स्टुअर्ट हायवेवर ८४६ किलोमीटरवर आहे. म्हणजे मुंबई ते नागपूर हा संपूर्ण समृद्धी महामार्ग पार करूनही दीडशे किलोमीटर उरतील एवढे अंतर. वस्ती सुमारे दीड हजार. १ फेब्रुवारी १९१५ रोजी सोन्याच्या शोधात निघालेल्या एका तुकडीतील विली हचिसन या चौदा वर्षांच्या मुलाला येथे ओपल हे रत्न सापडले आणि त्यावरच गाव उभे राहिले. १९२० मध्ये मिळालेले नाव ‘कुपा पिटी’ या स्थानिक शब्दांवरून आले असून त्याचा अर्थ सहसा ‘गोऱ्या माणसाचे बीळ’ असा लावला जातो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, वर्षाचा पाऊस दीडशे मिलिमीटरच्या आसपास असतो आणि गावातील निम्म्याच्या आसपास लोक आजही जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात, त्यामुळे ते नाव टिंगल न वाटता सरळ वर्णनच वाटते.

येथे रुग्णालय आहे, बारावीपर्यंतची शाळा आहे, सुपरमार्केट, टपाल कचेरी, पोलीस ठाणे आणि विमानतळही आहे. तरीही नवा माणूस पहिले दोन-तीन महिने गोंधळतो, कारण शहरात ‘कुठे मिळेल’ एवढे विचारले की भागते, आणि येथे ‘कोणत्या दिवशी येते’ हे ठाऊक असावे लागते. भाजीचा ट्रक, विमान, फिरतीवरचे तज्ज्ञ डॉक्टर, टपाल, या प्रत्येकाचा वार ठरलेला असतो. तो वार चुकला की काम सहसा पुढच्या फेरीवर जाते, हे लक्षात ठेवून पुढील पायऱ्या वाचाव्यात.

पहिली पायरी: होकार कळवण्यापूर्वी

पगाराचा आकडा पाहून लगेच होकार देऊ नये. राहण्याची जागा मालक देणार आहे का, ती भुयारी आहे की जमिनीवरची, वीज आणि पाण्याचे बिल कोणी भरायचे, सामान हलवण्याचा खर्च कोण करणार, प्रशिक्षणासाठी किंवा रजेवर ॲडलेडला जाण्याचे विमानभाडे मिळते का, या प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. फोनवर ‘घराची काळजी करू नका’ असे सांगितले जाते, पण भाड्याची घरे मोजकीच असलेल्या गावात या वाक्याचा अर्थ दुसऱ्या तिघांबरोबर एक स्वयंपाकघर वाटून घेणे असाही निघू शकतो.

व्हिसाच्या बाबतीत दोन प्रकार नेहमी समोर येतात. सबक्लास ४९१ हा राज्याने किंवा पात्र नातेवाइकाने पुरस्कृत केलेला पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा आहे, तर ४९४ मध्ये पुरस्कर्ता नोकरी देणारा मालकच असतो. दोन्हींत ठरवून दिलेल्या प्रादेशिक भागातच राहण्याची आणि काम करण्याची अट असते. संपूर्ण दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्य, ॲडलेडसह, या प्रादेशिक भागात मोडते. त्यामुळे ४९१ वर असलेल्या माणसाला हा व्हिसा कूबर पीडीलाच बांधून ठेवत नाही. राज्याने नामांकन देताना काही वेगळी अट घातली असेल, तर ती मात्र पाळावी लागते. तीन वर्षांनंतर १९१ या कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी अर्ज करताना कर कार्यालयाने दिलेली तीन वर्षांची आकारणीपत्रे लागतात, म्हणून पहिल्या वर्षापासून विवरणपत्र वेळेवर भरावे आणि आलेला प्रत्येक कागद जपून ठेवावा. पुरस्कार देण्याच्या बदल्यात कोणी पैसे मागितले, तर तो गुन्हा आहे हे स्पष्ट लक्षात असू द्यावे. अशी मागणी करणाऱ्याची नोकरी न घेतलेलीच बरी.

दुसरी पायरी: सामानाची बांधाबांध

ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. विमानात मिळणाऱ्या प्रवेशपत्रकावर प्रत्येक खाद्यपदार्थ, बी, लाकडी वस्तू आणि आयुर्वेदिक औषध जाहीर करावे. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते. लपवलेली सापडली, तर जागेवर मोठा दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. ताजा कढीपत्ता, घरचे दुधाचे पदार्थ आणि पेरण्याजोगे बी नेण्याचा मोह टाळावा. कारखान्यात पाकीटबंद केलेले कोरडे मसाले बहुधा अडवले जात नाहीत, पण तेही पत्रकावर लिहावेत.

कपड्यांत लांब बाह्यांचे सुती सदरे, रुंद काठाची टोपी आणि पायाला घट्ट बसणारे बूट असावेत. वाळवंट म्हटल्यावर स्वेटर घरी ठेवणारे जुलैच्या रात्री पस्तावतात. मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी, शाळेचे दाखले, व्यावसायिक नोंदणीची कागदपत्रे आणि वाहन परवाना हातातील पिशवीत ठेवावा. ॲडलेडहून पुढे जाणारे विमान छोटे असते आणि त्यातील सामानाची मर्यादा भारतातून येणाऱ्या विमानापेक्षा बरीच कमी असते. दोन मोठ्या बॅगा तेथे अडकू नयेत, म्हणून जड सामान टपालाने किंवा मालवाहू ट्रकने पुढे पाठवण्याची सोय आधीच करून ठेवावी.

तिसरी पायरी: ॲडलेडमध्ये चार दिवस

माझ्या मते या संपूर्ण लेखातील सर्वांत उपयोगी सूचना हीच आहे: विमान बदलून थेट पुढे जाऊ नये, ॲडलेडमध्ये तीन-चार दिवस मुक्काम करावा आणि समोरासमोर होणारी सगळी कामे तेथेच उरकावीत. बँक खाते सुरू करावे. टॅक्स फाइल नंबरसाठी ऑनलाइन अर्ज करावा. त्याला शुल्क नाही आणि तो नसेल तर पगारातून जास्त कर कापला जातो. ४९१ आणि ४९४ व्हिसाधारकांना मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेत नोंदणी करता येते. इतर तात्पुरत्या व्हिसांवर येणाऱ्या भारतीयांना मात्र ती सोय सहसा नसते, कारण भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात आरोग्यसेवेचा परस्पर करार नाही. त्यांनी खासगी विमा घेऊनच पुढे जावे.

मोबाइलचे सिम घेताना स्वस्त योजनेपेक्षा व्याप्ती पाहावी. आउटबॅकमध्ये टेल्स्ट्रा या कंपनीचे जाळे सर्वांत दूरवर पोहोचते, आणि तेही गावाबाहेर काही किलोमीटरवर संपते. भारतीय परवाना तेथील परवान्यात बदलून घेताना लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, म्हणून परीक्षेची तारीख ॲडलेडमध्येच मिळते का ते पाहावे. लहान गावात परीक्षकाची वाट पाहण्यात आठवडे जातात. शेवटचा दिवस भारतीय किराण्यासाठी राखून ठेवावा. हिंग, गोडा मसाला, आमसूल, पोहे आणि ज्वारीचे पीठ यांचा तीन महिन्यांचा साठा जमेल तसा घ्यावा.

चौथी पायरी: गावापर्यंतचा प्रवास

विमान आठवड्यातील ठरावीक दिवशीच असते आणि ॲडलेडहून सुमारे दोन तासांत पोहोचते. ॲडलेड ते ॲलिस स्प्रिंग्ज बस गावातून जाते, पण बहुतेक प्रवास रात्रीचा होतो. ‘द घान’ या प्रसिद्ध रेल्वेचा मार्ग गावापासून ४२ किलोमीटरवरील मँगुरी येथून जातो, पण ती पर्यटकांची महागडी गाडी आहे. रोजच्या ये-जा करण्याच्या कामाची नाही. तिचे नाव एकोणिसाव्या शतकात या वाळवंटातून उंटांचे तांडे हाकणाऱ्या ‘अफगाणां’वरून पडले. त्यातील बरेच जण प्रत्यक्षात बलुचिस्तान, पंजाब आणि सिंध येथून आलेले होते. हिंदुस्थानातून येणारा माणूस या प्रदेशाला तसा नवा नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याने मात्र हा भाग दोनदा वाचावा. दक्षिणेकडील सर्वांत जवळचा पेट्रोल पंप ग्लेनडॅम्बो येथे, म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे आणि मध्ये काहीही मिळत नाही. म्हणून वाटेत येणाऱ्या प्रत्येक रोडहाउसवर, म्हणजे पेट्रोल आणि खाणे मिळणाऱ्या थांब्यावर, टाकी अर्धी भरलेली असली तरी, ती पूर्ण भरावी. ग्लेनडॅम्बोच्या पाटीवर माणसांची संख्या तीस आणि घोंगावणाऱ्या माशांची संख्या वीस लाख अशी नोंद आहे. त्यातील दुसऱ्या आकड्यावर पहिल्या दिवसापासून विश्वास बसतो. या पट्ट्यात रस्ता वूमेरा या लष्करी प्रतिबंधित क्षेत्रातून जातो. महामार्गावरून जाण्यास हरकत नाही, पण परवान्याशिवाय तो सोडून आत वळता येत नाही.

महामार्ग डांबरी आणि उत्तम आहे, वेगमर्यादा ताशी ११० किलोमीटर आहे, आणि धोका नेमका त्या सरळपणात आहे. डोळे मिटू लागतात. दर दोन तासांनी थांबावे. संध्याकाळी आणि पहाटे कांगारू, एमू आणि मोकाट गुरे रस्त्यावर येतात, म्हणून अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचेल असाच बेत आखावा. दक्षिण ऑस्ट्रेलियात राहून वर्षे झालेली माणसेही शक्यतो रात्री गाडी चालवत नाहीत. जनावर समोर आलेच, तर ब्रेक लावावा, पण सुकाणू झटकन फिरवू नये, कारण बरेच अपघात जनावराच्या धडकेपेक्षा गाडी उलटल्याने होतात. रोड ट्रेन म्हणजे मागे एकाहून अधिक डबे जोडलेला मालट्रक; तीन डब्यांची रोड ट्रेन ५३.५ मीटरपर्यंत लांब असते. तिला ओलांडताना समोरचा रस्ता किलोमीटरभर मोकळा दिसला पाहिजे, अन्यथा मागेच राहावे. ट्रकचालक यूएचएफ रेडिओच्या ४० क्रमांकाच्या चॅनेलवर बोलतात, आणि तो रेडिओ गाडीत असला तर त्यांच्याकडूनच पुढचा रस्ता मोकळा असल्याचे कळते.

गाडीत माणशी दिवसाला दहा लिटर या हिशेबाने पाणी, हवा भरलेली स्टेपनी, टॉर्च आणि कोरडे खाणे ठेवावे. गाडी बंद पडली, तर ती सोडून चालत निघू नये. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. कच्च्या रस्त्यांवर जाणाऱ्याने उपग्रहाद्वारे संकट कळवणारा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन विकत घ्यावा आणि आपल्या नावावर नोंदवावा. ही नोंदणी मोफत असते. पाऊस पडला की कच्चे रस्ते अधिकृतपणे बंद केले जातात, आणि बंद रस्त्यावर गाडी घातल्यास मोठा दंड होतो. हे नियम सरकारी कटकट वाटू शकतात, पण चिखलात उमटलेली चाकोरी सुकली की पुढचे कित्येक महिने तो रस्ता इतरांसाठी निकामी होतो.

पाचवी पायरी: घर

भुयारी घराला येथे डगआउट म्हणतात. टेकडीच्या पोटात यंत्राने आडव्या खोल्या कोरतात, भिंतींवर लेप देऊन धूळ बसवतात आणि छतातून वर उघडणाऱ्या नळ्यांनी हवा खेळती ठेवतात. बाहेर ४५ अंश असोत वा हिवाळ्यातील थंडी असो, आत वर्षभर २३ ते २५ अंशांच्या आसपास तापमान राहते, म्हणजे वातानुकूलनाचा खर्च जवळपास वाचतो. दिवा मालवल्यावर मात्र खरा काळोख होतो. ज्यांना बंद जागेची भीती वाटते, त्यांनी करार करण्यापूर्वी एखाद्या भुयारी हॉटेलात दोन रात्री काढून पाहाव्यात.

घर पाहताना स्वयंपाकघर आणि न्हाणीघर कोठे आहे हे प्रथम तपासावे. सांडपाण्याची सोय सोपी जावी म्हणून ते सहसा तोंडाशी, बाहेरच्या भिंतीलगत असतात. आपल्या स्वयंपाकाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे: मिरचीची फोडणी आत खोलवरच्या खोलीत दिली, तर तिचा ठसका दुसऱ्या दिवशीही गादीच्या खोळीत सापडतो. शेगडीवर धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा आहे का, हवेच्या नळ्यांची तोंडे जाळीने झाकलेली आहेत का, पाऊस आत उतरल्याचे डाग भिंतीवर आहेत का, हे घरमालकासमोरच पाहावे. धुराचा इशारा देणारे यंत्र चालू आहे याची खात्री करावी, कारण पुष्कळ घरांना बाहेर पडायला मोजकेच दरवाजे असतात. घर ताब्यात घेतेवेळच्या स्थितीची छायाचित्रे काढून घ्यावीत. अनामत रक्कम परत मिळवताना ती कामी येतात. मोबाइलचे सिग्नल खडकात शिरत नाहीत, त्यामुळे इंटरनेटची वायर किंवा उपग्रहाची छत्री आणि आत वाय-फाय ही गरजच होऊन बसते.

गावाच्या हद्दीत ओपल खणायला बंदी आहे, पण घराला एक खोली वाढवून घ्यायला नाही. वाढत्या कुटुंबांना येथे खोल्या जरा जास्तच लागतात, असा विनोद गावकरी स्वतःच करतात.

सहावी पायरी: पाणी आणि वीज

गावाला नदी नाही. पाणी गावाबाहेर चोवीसेक किलोमीटरवरील खोल कूपनलिकेतून येते आणि त्यातील क्षार रिव्हर्स ऑस्मोसिसने काढून ते पुरवले जाते. त्यामुळे ते महाग असते, आणि उन्हाळ्याची टंचाई पाहिलेल्या मराठवाड्यातील माणसाला येथील बचतीच्या सवयी फार शिकवाव्या लागणार नाहीत. कपडे धुतलेले पाणी झाडांना, तोंड धुताना नळ बंद, अंगण धुणे नाही, एवढे पथ्य पुरते.

गाव राष्ट्रीय वीजजाळ्याला जोडलेले नाही. २०१७ पासून पवनचक्क्या, सौर पटल, बॅटरी आणि डिझेल जनित्रे यांचा एकत्र प्रकल्प चालतो, आणि वर्षभरातील सुमारे ७० टक्के वीज वारा आणि सूर्य यांपासून मिळावी अशी त्याची रचना आहे. कधीमधी वीज जाते, म्हणून बॅटरीवरचा दिवा प्रत्येक खोलीत हाताशी ठेवावा. डगआउटमध्ये चाचपडत दरवाजा शोधणे अवघड असते.

सातवी पायरी: किराणा आणि स्वयंपाक

सुपरमार्केटमध्ये रोजच्या बहुतेक वस्तू मिळतात, शहरापेक्षा महाग. ताजा भाजीपाला ट्रकने येतो. तो कोणत्या वारी येतो हे गल्ल्यावरच्या माणसाला विचारावे आणि त्याच संध्याकाळी खरेदीला जावे, कारण दोन दिवसांनंतर कोथिंबीर नावाला उरते. घरात मोठा डीप फ्रीझर घेणे ही चैन नाही. वाटलेला मसाला, सोललेले मटार, खवलेले खोबरे आणि पोळ्यासुद्धा त्यात महिनाभर राहतात. कढीपत्त्याचे रोप ॲडलेडच्या रोपवाटिकेतून आणून सावलीत जगवता येते, मात्र त्याला रोज पाणी द्यावे लागते.

कोरड्या शिध्याचा किमान तीन आठवड्यांचा साठा नेहमी असावा. जानेवारी २०२२ मध्ये राज्याच्या उत्तर भागात झालेल्या पावसाने स्टुअर्ट हायवे आणि रेल्वेमार्ग दोन्ही तुटले, गावातील दुकानांची फळ्या-कपाटे रिकामी झाली आणि शेवटी हवाई दलाच्या विमानाने अन्न पोहोचवावे लागले. वाळवंटात पूर येत नाही या समजुतीवर विसंबून राहू नये. डाळ-तांदूळ, पीठ, तेल आणि मुलाचे दूध एवढे घरात असेल, तर असे दोन आठवडे फारशी धावपळ न होता निघतात.

आठवी पायरी: आजारपण

तातडीच्या प्रसंगी ००० या क्रमांकावर फोन करावा. गावचे रुग्णालय लहान आहे. ते प्राथमिक उपचार करून रुग्णाला स्थिर करते, आणि गंभीर रुग्णाला रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचे विमान पोर्ट ऑगस्टा किंवा ॲडलेडला नेते. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने १९२८ मध्ये क्वीन्सलँडमधील क्लॉनकरी येथून सुरू झालेल्या या सेवेमुळेच आउटबॅकमध्ये कुटुंबे राहू शकली. दूरच्या ‘स्टेशनां’वर, म्हणजे गुरे पाळण्याच्या विस्तीर्ण वाड्यांवर, या संस्थेची औषधपेटी असते आणि तिच्यातील प्रत्येक औषधाला क्रमांक दिलेला असतो. डॉक्टर फोनवरून नाव न सांगता क्रमांक सांगतात, म्हणजे घाबरलेल्या माणसाचीही चूक होत नाही.

नव्या माणसाने पहिल्या आठवड्यातच दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे रुग्णवाहिकेचे वार्षिक सदस्यत्व घेणे, कारण दक्षिण ऑस्ट्रेलियात मेडिकेअर रुग्णवाहिकेचा खर्च देत नाही आणि एका फेरीचे बिल पाहून छातीत पुन्हा कळ यावी असे ते असते. दुसरी म्हणजे दवाखान्यात नाव नोंदवून जुन्या आजारांच्या नोंदी देणे. नियमित गोळ्या घेणाऱ्यांनी महिनाभराचा जादा साठा ठेवावा. तज्ज्ञ डॉक्टर फिरतीवर येतात किंवा व्हिडिओवरून तपासतात. त्यांच्याकडे शंभर किलोमीटरहून अधिक दूर जावे लागले, तर प्रवास आणि निवासाच्या खर्चाचा काही भाग राज्याच्या पेशंट असिस्टन्स ट्रान्सपोर्ट योजनेतून मिळतो, पण अर्जावर डॉक्टरांची सही लागते, आणि ती अनेक जण विसरतात. गरोदर स्त्रियांना प्रसूतीच्या काही आठवडे आधीच मोठ्या गावी जाऊन राहावे लागते. भारतातून आईला मदतीला बोलवायचे असेल, तर तिचे तिकीट त्या गावाचे काढावे.

नववी पायरी: मुले आणि शाळा

कूबर पीडी एरिया स्कूलमध्ये बालवर्गापासून बारावीपर्यंत शिक्षण होते. वर्ग लहान असतात, शिक्षक वारंवार बदलतात, आणि अकरावी-बारावीतील काही विषय ऑनलाइनच घ्यावे लागतात. मूल दहावीच्या पुढे असेल, तर हव्या त्या विषयाची सोय आहे का हे नोकरी स्वीकारण्यापूर्वी शाळेला पत्र लिहून विचारावे.

दहावी पायरी: खड्डे, ऊन आणि माशा

गावाभोवतीच्या ओपलक्षेत्रात खाणकामासाठी खणलेले उभे खड्डे विहिरींसारखे खोल असतात, असंख्य असतात आणि बहुतेक उघडे असतात. प्रत्येकाशेजारी पांढऱ्या मुरुमाचा ढीग दिसतो. तेथे पळू नये, मागे चालू नये आणि छायाचित्र काढताना तर मुळीच मागे सरकू नये. तशा पाट्याही लावलेल्या आहेत. लहान मुलांना आणि कुत्र्याला या भागात मोकळे सोडू नये. हौस म्हणून ओपल शोधायचा असेल, तर मुरुमाचे ढीग चाळण्याला येथे नूडलिंग म्हणतात आणि त्यासाठी गावात सर्वांना खुली जागा राखलेली आहे. दुसऱ्याने खाणकामासाठी आपल्या नावावर नोंदवलेल्या जमिनीवर चाळणी घेऊन जाणे हा मात्र गंभीर अपराध समजला जातो, आणि त्याबाबत खाणकामगारांना विनोदबुद्धी नाही.

उन्हाळ्यात बाहेरची कामे सकाळी नऊच्या आत आटोपावीत. मुलाला गाडीत एक मिनिटही एकटे ठेवू नये. माशांसाठी टोपीवरून घेण्याची जाळी मिळते. ती घातल्यावर आपण विचित्र दिसू असे वाटणारी लाज सहसा एका दुपारीत संपते.

अकरावी पायरी: गावातील माणसे

हा प्रदेश अंताकिरिंजा मातु-यांकुनितजत्जारा या मूलनिवासी समाजाचा आहे आणि २०११ मध्ये न्यायालयाने त्यांचा पारंपरिक हक्क मान्य केला. गावाजवळील कंकू-ब्रेकअवेज या रंगीत टेकड्यांच्या संरक्षित क्षेत्राच्या व्यवस्थापनातही त्यांचा वाटा आहे. त्यांच्या माणसांची छायाचित्रे परवानगीशिवाय काढू नयेत, आणि मृत व्यक्तीचे नाव त्यांच्या समोर सहजपणे उच्चारू नये. सुतकाच्या काळात त्या समाजातील आपला सहकारी कामावर आला नाही, तर त्याचे कारण आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज पडू नये. सार्वजनिक जागी मद्यपानास बंदी आहे आणि बाटलीबंद मद्य घेताना ओळखपत्र मागितले जाऊ शकते. हे नियम सर्वांना सारखेच लागू आहेत.

ओपलच्या आशेने युरोपातून आलेल्या सर्बियन, क्रोएशियन, ग्रीक आणि इतर कुटुंबांनी गावाचा दुसरा चेहरा घडवला; सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चही खडकात कोरलेले आहे. परकेपणाचा प्रश्न येथे तुलनेने कमी जाणवतो, कारण जवळपास प्रत्येकाचे आजोबा दुसरीकडून आलेले असतात. मात्र कोणी किती ओपल मिळवला हे विचारणे असभ्य मानतात. मैत्री करायची असेल, तर स्वयंसेवक म्हणून अग्निशमन दलात किंवा रुग्णवाहिकेच्या पथकात नाव द्यावे. १९६५ मध्ये सुरू झालेल्या ड्राइव्ह-इन चित्रपटगृहात आजही गाडीत बसून चित्रपट पाहता येतो. तेथे प्रेक्षकांनी स्फोटके आत आणू नयेत अशी सूचना असे, कारण खाणकामगारांच्या गाड्यांत ती खरोखरच असत. गोल्फचे मैदानही आहे, पण त्यावर गवत नाही, म्हणून प्रत्येक खेळाडू कृत्रिम हिरवळीचा छोटा तुकडा बरोबर घेऊन फिरतो.

बारावी पायरी: पैशांचा हिशेब आणि घरचे पाहुणे

पगार झाल्यावर एका कामाच्या दिवसात पगारपत्रक मिळणे हा कामगाराचा हक्क आहे, आणि जुलै २०२५ पासून पगाराच्या १२ टक्के रक्कम मालकाने निवृत्ती निधीत भरावी लागते. दोन्ही गोष्टी दर महिन्याला स्वतः तपासाव्यात. फरक आढळल्यास फेअर वर्क ऑम्बुड्समन या कामगारांच्या तक्रारी पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे तक्रार करता येते. दूरच्या भागात आर्थिक वर्षातील १८३ किंवा त्याहून अधिक दिवस राहणाऱ्यांना झोन टॅक्स ऑफसेट नावाची करसवलत मिळू शकते. आपले गाव कोणत्या विभागात मोडते हे कर कार्यालयाच्या यादीत पाहून मगच ती मागावी.

भारतापेक्षा येथील घड्याळ एप्रिल ते ऑक्टोबर चार तास पुढे असते आणि उन्हाळी वेळ लागू झाल्यावर पाच तास. आई-वडिलांना बोलवायचे असेल, तर जून ते ऑगस्ट हे महिने निवडावेत, कारण तेव्हा दिवसा हवा सुखद असते आणि रात्री शाल पुरत नाही एवढाच त्रास होतो. पर्यटक व्हिसावर मेडिकेअर मिळत नाही, म्हणून त्यांचा प्रवासविमा काढताना आधीपासूनचे आजार आणि विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे, हे पॉलिसी वाचून पाहावे. त्यांचे ॲडलेडहून पुढचे तिकीट त्याच दिवसाचे काढू नये. एक रात्र तेथे विश्रांती घेऊन, सामानातील वजन कमी करून आणि भाजीचा ट्रक कोणत्या वारी येतो ते आपल्याला विचारून त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या विमानाने यावे.